भिंतीला दगड लावताय? आधी भिंत पाहा



सुगी आटोपून चार पैसे हाती आले, की गावात दोन कामे हमखास निघतात. एक घरातले लग्न आणि दुसरे घराची डागडुजी. पुष्कळदा दुसरे काम पहिल्यासाठीच निघते. दारात मांडव पडायचा, नवे पाहुणे यायचे, मग समोरची सिमेंट ब्लॉकची भिंत डोळ्यांत खुपू लागते. तालुक्याच्या गावी कोणाच्या तरी बंगल्याला लावलेला दगड पाहिलेला असतो. 'आपणही पुढच्या भिंतीला दगड लावून टाकू' असे ठरते आणि लग्नाला महिना उरला असताना ट्रॅक्टर दगड आणायला निघतो.

दगड लावू नका असे मी म्हणणार नाही. चांगला लावलेला दगड दोन पिढ्या टिकतो, त्याला दरसाल रंग लागत नाही आणि पावसाचा मारा तो मुकाट्याने सोसतो. पण वाईट लावलेला दगड भिंतीवर नुसता टांगलेला धोंडा असतो. मी शेतकी शाखेचा पदवीधर, गवंडीकाम काही माझा धंदा नव्हे. मात्र विस्ताराच्या कामानिमित्त वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरताना मी टिकलेली कामे पाहिली आणि पडलेलीही पाहिली. त्यांतला फरक दगडात क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा दगडामागच्या भिंतीत आणि कामाच्या घाईत असतो. म्हणून चार गोष्टी तुमच्या कानावर घालतो.

पूर्वीचा दगड आणि आताचा दगड

आपल्या जुन्या वाड्यांत जोत्याला आणि खालच्या भागाला घडीव काळा दगड असे व वर वीट किंवा पांढरी माती. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटातही खाली दगड आणि वर वीट अशीच रचना दिसते. तो दगड हात-दीड हात जाडीचा, एकावर एक बसलेला. स्वतःचे वजन तो स्वतः पेलत असे आणि वरच्या भिंतीचेही पेलत असे. थोडक्यात, तो दगड म्हणजेच भिंत होती.

आता आपण लावतो ती पाऊण ते एक इंचाची चीप. ती भिंतीचा भार उचलत नाही, उलट भिंतीवर स्वतःचा भार टाकते. तो किती, याचा हिशेब करून पाहा. पाऊण इंचाच्या शहाबादी फरशीचे वजन चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरते. एक इंची काळा दगड असेल तर साडेसहा किलोंच्या पुढे जाते. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, नुसता पातळ दगडच ५ क्विंटल होतो. त्यामागचा गिलावा आणि चिकटवायचा माल जवळजवळ तेवढाच. म्हणजे दर ब्रासमागे सुमारे १० क्विंटल. क्विंटलभर ज्वारीची दहा पोती तुम्ही उभ्या भिंतीला चिकटवायला निघाला आहात, हे ध्यानात ठेवा. आपल्या देशात दगडी आच्छादनाच्या कामासाठी आय. एस. ४१०१ ही मानक संहिता १९६७ सालापासून आहे. ती उगाच झालेली नाही.

आधी भिंतीची परीक्षा

पेरणीआधी आपण जमीन पाहतो, तशी दगडाआधी भिंत पाहावी. चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट भेगांची. काळ्या जमिनीवरचे घर असेल तर ही परीक्षा टाळू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्याबरोबर उथळ पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. अशी भेग दगडाने झाकली म्हणजे बुजली असे होत नाही. भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. काचेची एक अरुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच शाबूत राहिली तर भेग थांबली आहे. काच तडकली तर भेग चालू आहे, आणि अशा भिंतीला दगड लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. आधी घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करून पायाजवळचे पाणी तोडा. न्हाणीचे पाणी आणि केळीचे आळे भिंतीपासून दूर न्या.

दुसरी गोष्ट ओलीची. भिंतीवर पांढरी भुकटी येत असेल, गिलावा फुगून गळत असेल, तर लोणा लागला आहे असे समजा. ही ओल जमिनीतून वर चढते किंवा छपरातून खाली उतरते. वरून दगड ठोकला की ती आत कोंडली जाते, क्षार दगडामागे साचतात आणि एक दिवस मालच सुटतो. ओलीचे मूळ बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच पुढे जा.

तिसरी गोष्ट भिंतीच्या वयाची. सिमेंटचे ब्लॉक वाळताना किंचित आकसतात. नवी भिंत असेल तर तिला किमान महिना द्या. शक्य असेल तर एक पावसाळा दाखवा. पाया कोठे बसायचा तो बसतो, छत कोठे गळायचे ते गळते आणि दोष उघड्या भिंतीवरच दिसून येतात.

चौथी गोष्ट भिंतीच्या जातीची. भरीव सिमेंट ब्लॉकची भिंत दगडाला सर्वांत चांगली. पोकळ ब्लॉक चालतो, पण त्यात आकडे बसवायचे तर त्या जागची पोकळी काँक्रीटने भरावी लागते. राखेचे हलके पांढरे ब्लॉक मऊ असतात आणि पाणी फार शोषतात. त्यांच्यावर तारेची जाळी रुंद चकत्यांच्या खिळ्यांनी पक्की केल्याशिवाय दगड लावू नये, आणि लावला तरी पातळ व कमी उंचीपर्यंतच लावावा. मातीच्या भिंतीला मात्र दगड चिकटवण्याच्या भानगडीत पडूच नका.

दगड कोणता घ्यावा?

शहाबादी, तांदूर, कडाप्पा आणि कोटा ही नावे तुमच्या ओळखीची आहेत. पहिला कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला, दुसरा तेलंगणातला, तिसरा आंध्रातला आणि चौथा राजस्थानातला. हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड. लावायला सोपे, तासायला मऊ. पण आम्ल त्यांना चालत नाही. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी काही कारागीर ॲसिड ओततात. चुनखडीच्या दगडावर ते ओतले की फेस येतो आणि दगडाचे तोंड खाल्ले जाते. तसे मुळीच करू देऊ नका.

आपला काळा दगड सर्वांत चिवट. पाणी फारसे पीत नाही, पण जड आणि तासायला कठीण. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि त्यावर शेवाळ धरते. त्याच्या चिपा पावसाच्या माऱ्याच्या बाजूला लावण्यापेक्षा आडोशाला लावाव्यात. लाल-पिवळा वालुकाश्म दिसायला देखणा, पण त्याचे थर सुटतात का ते पाहून घ्यावे. नखाने किंवा खिळ्याने कडा खरवडा. पापुद्रे निघाले तर तो दगड परत करा.

दगड एकाच खेपेत आणि मोजापेक्षा दहा टक्के जास्त आणावा. दुसऱ्या खेपेचा रंग जुळेलच असे नाही. आणल्यावर दोन-तीन ढिगांतले दगड एकमेकांत मिसळून घ्या, म्हणजे भिंतीवर एका जागी काळे आणि दुसऱ्या जागी करडे असे ठिगळ दिसणार नाही.

काम कसे करावे?

पहिली पायरी भिंत उघडी करण्याची. चुन्याचा हात, डिस्टेंपर, तेलरंग, शेवाळ, सुटा गिलावा हे सर्व खरवडून काढा. आमच्या भागातल्या एका गावी रंगवलेल्या गिलाव्यावरच थेट दगड लावले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात भरदुपारी पाच-सहा फरश्या एकदम ओट्यावर कोसळल्या. घरातल्या आजीबाई रोज त्याच जागी धान्य निवडायला बसत. त्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या होत्या म्हणून निभावले. पडलेल्या फरशांच्या पाठी मी उलटून पाहिल्या. सर्वांना माल घट्ट धरून होता आणि त्या मालाला रंगाचा पापुद्रा चिकटलेला होता. म्हणजे मालाने दगड सोडला नव्हता, रंगाने भिंत सोडली होती.

दुसरी पायरी खडबडीत पायाची. ब्लॉक गुळगुळीत असतील तर छिन्नीने जवळजवळ टाचे मारा. भिंत झाडून, धुऊन घ्या. एक भाग सिमेंट आणि दोन भाग जाड वाळू यांचा पातळ माल थापीने भिंतीवर फेकून मारा. तो पसरवायचा नाही. त्याचे काटे तसेच राहू द्यायचे. ब्लॉक आणि काँक्रीटचा खांब जेथे मिळतात तेथे जाळीची पट्टी मारा, कारण दोन्हींचे आकसणे सारखे नसते. दुसऱ्या दिवशी एकास चार मालाचा, सुमारे अर्धा इंच जाडीचा गिलावा करा. तो रंध्याने गुळगुळीत करू नका. ओला असतानाच खिळ्याच्या फळीने आडव्या रेघा ओढा. मग सात दिवस पाणी मारा आणि नंतर सुकू द्या.

तिसरी पायरी मांडणीची. दगड आधी अंगणात मांडून पाहा. कोठे मोठा, कोठे लहान, दाराशेजारी कोणता, हे जमिनीवरच ठरवा. उभे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. वीटकामासारखेच सांधे मोडावेत. प्रत्येक दगडाची पाठ ब्रशने धुवा. करवतीची भुकटी पाठीला राहिली तर माल दगडाला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो.

चौथी पायरी प्रत्यक्ष लावण्याची. भिंत ओलसर असावी, पण पाणी ओघळत नसावे. दोन्ही कोपऱ्यांना ओळंबा धरून कोपऱ्याचे दगड आधी लावा, सूत ताणा आणि मग मधला भाग खालून वर भरत जा. सर्वांत खालचा थर जोत्याच्या बाहेर आलेल्या पट्टीवर टेकला तर फारच उत्तम. तशी पट्टी नसेल तर पाणसळीत लाकडी फळी ठोकून तिच्यावर पहिला थर बसवा आणि माल धरल्यावर फळी काढा.

दगड जमिनीत पुरू नका. मातीपासून किमान चार इंच वर थांबा. याची दोन कारणे. एक, मातीची ओल दगडामागून वर चढते. दुसरे आपल्या ओळखीचे : वाळवी. दगडाच्या मागच्या फटीतून ती चढली तर दाराची चौकट पोखरली जाईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. चार इंच उघडी जागा असली की तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते.

चिकटवण्याचा माल एकास तीन असावा. वाळू चाळलेली आणि मातीविरहित हवी. कृत्रिम वाळू असेल तर तिच्यातली भुकटी कमी असल्याची खात्री करा. दगडाच्या पाठीला आधी सिमेंटच्या दाट रबडीचा हात फिरवा, मग अर्धा-पाऊण इंच माल संपूर्ण पाठीवर भरा. चार कोपऱ्यांवर चार गोळे ठेवून दगड दाबायची पद्धत सर्रास दिसते, ती बंद करा. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. त्या पोकळीत पाणी शिरते, मुंग्या घर करतात आणि दगड सुटतो. दगड भिंतीवर दाबून किंचित हलवावा, कडांनी माल बाहेर आला पाहिजे. लाकडी पाचरी घालून सांधा सारखा ठेवावा. हल्ली दगड चिकटवण्याचे तयार मिश्रण पोत्यांत मिळते. ते चांगले असते, पण मग त्यावर छापलेले पाण्याचे प्रमाण आणि वेळ तंतोतंत पाळा. सुकत आलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नका.

एका दिवसात दोन-तीन थरांपेक्षा जास्त चढू नका. खालचा माल धरण्याआधी वरचा भार टाकला की सगळेच खाली सरकते. दगड फूटभरापेक्षा मोठा असेल, इंचापेक्षा जाड असेल किंवा काम पुरुषभर उंचीच्या वर जात असेल, तर नुसत्या मालावर विसंबू नका. दगडाच्या कडेला खाच पाडून न गंजणाऱ्या पोलादाचा किंवा तांब्याचा आकडा भिंतीत बसवा. साधी लोखंडी तार गंजते, गंज फुगतो आणि आतूनच दगड ढकलला जातो.

पाचवी पायरी दर्जा भरण्याची. दगड लावल्यावर दोन-तीन दिवसांनी सांधे एकास तीन मालाने ठासून भरा. अंगठा दाबून ठसा उमटेल पण माल हाताला लागणार नाही, अशा वेळी दर्जा ओढा. सांडलेला माल तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे ॲसिडची आठवणच येणार नाही. लांब भिंतीला साधारण दहा-बारा फुटांवर एक उभा सांधा कडक मालाऐवजी लवचीक मसाल्याने भरावा. उन्हात दगड फुगतो, त्याला हलायला जागा हवी.

सहावी पायरी माथ्याची. दगडाचा माथा उघडा ठेवू नका. वरून पाटली बसवा, तिचा उतार बाहेर ठेवा आणि तिच्या पोटाला बोटभर आत एक खाच मारा. या खाचेमुळे पाणी भिंतीकडे न ओघळता टपकून खाली पडते. खिडकीच्या पाटलीलाही हेच करावे.

शेवटी सात दिवस गोणपाट टांगून ते ओले ठेवा. हे काम बहुधा घरातल्या भगिनींच्या वाट्याला येते. ते दुय्यम समजू नका. गवंड्याच्या थापीइतकीच ताकद त्या पाण्यात आहे.

सामान आणि वेळ

एका ब्रासला गिलाव्यासाठी एक, चिकटवण्यासाठी दीड आणि रबडी व दर्जासाठी अर्धे, अशी सुमारे तीन पोती सिमेंट धरावी. कामाला दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. वैशाखातल्या उन्हात माल धरण्याआधीच सुकतो आणि त्याच दिवसांत विहिरीचे पाणीही तळाला गेलेले असते. पावसाळ्यात भिंतच ओली असते. टाचे मारण्यापासून गोणपाट काढेपर्यंत एका भिंतीला महिना लागतो. तेव्हा वैशाखातल्या लग्नासाठी दगड लावायचा तर पौषात काम काढा. उशीर झाला असेल तर लग्नापुरता चुन्याचा हात मारा आणि दगड पुढच्या हंगामाला ठेवा. पाहुणे मुलीचे घर पाहतात, घाईत लावलेली फरशी पाहत नाहीत.

दगड कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, वालुकाश्माची तर फारच. कापणे अंगणाबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून आणि तोंडाला पट्टी बांधून व्हावे. लेकरांना दूर ठेवा. ओले सिमेंट कातडी खाते, म्हणून हातमोजे घाला.

पैसे देण्यापूर्वी

काम झाल्यावर सातव्या-आठव्या दिवशी लाकडी मुठीने प्रत्येक दगडावर हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर खडूने फुली मारा. फुलीचे दगड काढून पुन्हा लावून घ्या. हे आधीच बोलून ठेवावे आणि मजुरीचा दहावा हिस्सा या परीक्षेपर्यंत राखून ठेवावा. चांगला गवंडी यावर रागावत नाही. पुढेही दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा ठोकून पाहा.

पैसा थोडा असेल तर

सगळी भिंत झाकायचा अट्टाहास कशाला? दगड जेथे खरोखर कामाला येतो तेथेच लावा. पागोळीचे पाणी उडून भिंत खराब होते तो खालचा तीन फुटांचा पट्टा, ओट्याची कड आणि गोठ्यात गव्हाणीमागची भिंत. गोठ्यात मात्र खडबडीत दगड नको. जनावर अंग घासते आणि कातडी सोलून निघते. तेथे चार फुटांपर्यंत गुळगुळीत फरशी लावा आणि सांधे नीट भरा, कारण गोमूत्रातले क्षार सांध्यातून आत शिरतात. या तीन ठिकाणचा दगड दिसायलाही नीटस दिसतो आणि भिंतीचे आयुष्यही वाढवतो.

आणि कर्ज काढून भिंत सजवू नका. तेच पैसे छपराची गळती काढण्याला, शोषखड्ड्याला किंवा बियाण्याला लावा. दगड खाणीत हजारो वर्षे पडून आहे, आणखी एक वर्ष थांबायला त्याची हरकत नसते. तुमची भिंत मजबूत असेल, कोरडी असेल आणि हातात स्वतःचा पैसा असेल, तर खुशाल दगड लावा. मग त्या भिंतीला पाठ टेकून तुमची नातवंडे निर्धास्त बसतील.